ऐकीव खबर आणि पारखलेली बातमी

पत्रकारिता हा काय विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे, असे पुष्कळ लोक विचारतात. हाती लेखणी आणि अंगी धिटाई असली की झाला माणूस पत्रकार! आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. आज मात्र आमचे मत बदलले आहे.

डहाणू-तलासरीच्या या टापूने अफवेची किंमत दोनदा रक्ताने मोजली आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये वारल्यांचा लढा भरात असताना, गोदावरी परुळेकर यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन तलवाड्यास या, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला. हजारो वारली जमले; पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण प्राणांस मुकले. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा गाडीचालक यांना जमावाने ठार मारले. चोर, मुले पळवणारे फिरत आहेत, अशी आवई आधीपासून उठलेली होती. मागाहून दुसरी आवई उठली, ती धर्माच्या नावाने. अखेर अटक झालेल्या १०१ जणांची यादी गृहमंत्र्यांनी जाहीर केली व तीत एकही मुसलमान नाही, असे सांगितले.

१९४५ साली निरोप पायी चालत गेला. आता तो मोबाइलवरून क्षणात पोचतो. पारख मात्र होती तेथेच राहिली.

ही पारख शिकवता येते. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आपला पालघर जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो, त्या मुंबई विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. कोण, काय, कोठे, केव्हा, का, कसे, हे सहा प्रश्न तेथे विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडतात. बातमी व मत वेगळे ठेवणे, दुसऱ्या बाजूस विचारणे, बदनामीचा कायदा, हेही शिकवतात. पत्र कोणाच्या पैशावर चालते आणि त्यात कोणाचा आवाज उमटत नाही, हा माध्यम व संस्कृती यांचा अभ्यास होय.

आम्हांला हे कोणी शिकवले नव्हते. एका फुग्यांच्या कारखान्याच्या फाटकावर, कामगार काढणार असल्याची ऐकीव खबर आम्ही खरी म्हणून सांगितली. काम बंद पडले. खबर खोटी निघाली आणि चार दिवसांची मजुरी बायामाणसांची बुडाली. ‘हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिले काय?’ एवढा एकच प्रश्न आम्ही विचारायला हवा होता.

म्हणून आमचे सांगणे असे की, पाड्यावरची एखादी मुलगी हा विषय घेते म्हणाली, तर तिला हसू नका. बाहेरचा वार्ताहर दुभाष्या शोधीत बसेल. ती वारली बोलीतच विचारील, आणि विचारल्यावाचून लिहिणार नाही.