शिल्लक साठ्यातील नवी मोटार : सवलत किती, लाभ किती?

वर्षअखेर जवळ आली की वृत्तपत्रांची पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘मर्यादित साठा’, ‘शेवटचे काही दिवस’ अशा शब्दांबरोबर सवलतींचे मोठमोठे आकडे झळकू लागतात. जानेवारी उजाडल्यावरही गतवर्षी तयार झालेल्या, परंतु विकल्या न गेलेल्या काही मोटारी विक्रेत्यांकडे शिल्लक राहतात आणि त्यांच्यावरील सवलत आणखी वाढते. मोटार कोरी, वॉरंटी पूर्ण, किंमत मात्र कमी. मग ही संधी का सोडावी, असा प्रश्न वाहन कर्जासाठी शाखेत येणारे ग्राहक अनेकदा विचारतात. या प्रश्नाचे उत्तर सवलतीच्या आकड्यात दडलेले नाही. आपण ती मोटार किती वर्षे वापरणार आहोत, यावर ते प्रामुख्याने अवलंबून आहे.

साठा का उरतो?

विक्रेता कंपनीकडून मोटारी घेतो, तेव्हा बहुधा बँकेकडून घेतलेल्या खेळत्या भांडवलाचा वापर करतो. मोटार जितके दिवस आगारात उभी राहील, तितके दिवस तिच्यावरील व्याज त्याला सोसावे लागते. वाहन विक्रेत्यांची देशव्यापी संघटना असलेल्या ‘फाडा’च्या माहितीनुसार, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये विक्रेत्यांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका प्रवासी वाहनांचा साठा होता, त्याचे मूल्य सुमारे ७९,००० कोटी रुपये होते. यावरून व्याजाचा भार केवढा असेल, याची कल्पना यावी. तेव्हा सवलत म्हणजे मोटारीत काही दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. व्याज भरत बसण्यापेक्षा नफा कमी करून माल मोकळा करणे विक्रेत्याला परवडते, एवढाच तिचा अर्थ. मात्र याचाच दुसरा अर्थ असा, की घाई विक्रेत्याला असते. ग्राहकाने ती आपल्या अंगी लावून घेऊ नये.

निर्मितीचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष

आपल्याकडे नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदणीच्या दिनांकाबरोबरच निर्मितीचा महिना आणि वर्षही नमूद असते. डिसेंबरात तयार झालेली मोटार जानेवारीत घेतली, तर प्रत्यक्षात ती महिन्याभराची असते. कागदोपत्री मात्र ती गतवर्षीची ठरते. पुढे ती विकावयास काढली, की खरेदीदाराची पहिली नजर निर्मितीच्या वर्षावर जाते आणि भाव त्यावरूनच ठरू लागतो. वॉरंटी सर्वसाधारणपणे विक्रीच्या दिनांकापासून मोजली जाते, त्यामुळे तेथे नुकसान नाही. नुकसान होते ते पुनर्विक्रीच्या वेळी.

एक साधा हिशेब

हे नुकसान किती, हे उदाहरणाने पाहू. दहा लाख रुपयांच्या मोटारीची किंमत दरवर्षी उरलेल्या मूल्याच्या १५ टक्क्यांनी घटते, असे गृहीत धरू. प्रत्येक मोटारीबाबत हे प्रमाण निराळे असेल. हिशेबाची रीत मात्र तीच राहील. शिल्लक साठ्यातील मोटारीवर ७०,००० रुपयांची सवलत मिळते आहे, असेही समजू.

तीन वर्षांनी विक्री केल्यास चालू वर्षाच्या मोटारीचे सुमारे ६,१४,००० रुपये येतील. गतवर्षीची मोटार चार वर्षांची समजली जाईल आणि तिचे सुमारे ५,२२,००० रुपये येतील. फरक ९२,००० रुपयांचा. म्हणजे सवलत वजा जाता २२,००० रुपयांचा तोटा.

पाच वर्षांनी हाच फरक सुमारे ६७,००० रुपयांवर येतो. येथे सवलत आणि तोटा जवळजवळ समसमान होतात.

आठ वर्षांनी दोन्ही मोटारींच्या किमती इतक्या उतरलेल्या असतात, की फरक अवघा ४१,००० रुपयांचा राहतो. म्हणजे सुमारे २९,००० रुपयांचा निव्वळ लाभ.

सवलतीच्या बाजूने आणखी एक गोष्ट मांडावयास हवी. सवलतीची रक्कम आज हाती पडते आणि तोटा काही वर्षांनी होतो. सवलतीइतके कर्ज कमी घेतले, तर ९ टक्के दराने पाच वर्षांच्या मुदतीत ७०,००० रुपयांवरील सुमारे १७,००० रुपयांचे व्याजही वाचते. परंतु बहुतेकदा घडते ते उलटेच. सवलत मिळाली म्हणून ग्राहक वरच्या श्रेणीची मोटार निवडतो किंवा अनावश्यक साजसामान बसवून घेतो, आणि वाचलेले पैसे तेथेच खर्ची पडतात.

बदलीची नोकरी असणाऱ्यांनी

मोटार आठ-दहा वर्षे वापरण्याचा बेत सर्वांनाच साधत नाही. बँक कर्मचाऱ्यांसह ज्यांची नोकरी बदलीची आहे, त्यांना हा विचार विशेषेकरून करावा लागतो. नागपूरहून भोपाळला किंवा पुण्याहून हैदराबादला बदली झाली आणि मोटार नव्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार तेथील नोंदणी घ्यावी लागते. ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या कराचा परतावा या खटपटीला कंटाळून अनेकजण मोटार विकून मोकळे होतात. अशा तीन-चार वर्षांच्या वापरासाठी गतवर्षीची मोटार घेणे बहुधा तोट्याचे ठरते. २०२१ साली सुरू झालेल्या बीएच मालिकेत नोंदणी केल्यास राज्य बदलले तरी नव्याने नोंदणी करावी लागत नाही. जे या मालिकेस पात्र आहेत, त्यांना मोटार दीर्घकाळ जवळ ठेवणे सुकर होते आणि त्यांच्या बाबतीत हा हिशेब पालटू शकतो.

सवलत कोणत्या किमतीवर?

जाहिरातीतील सवलत कोणत्या मूळ किमतीतून वजा केली आहे, हे विचारणे अगत्याचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही रद्द झाला. मोटार या दिनांकापूर्वी तयार झालेली असली, तरी त्यानंतरच्या विक्रीस नवा दर लागू होतो. कोणी जुने दरपत्रक पुढे करून ‘सवलत’ दाखवीत असेल, तर तीत करकपातीचा वाटा किती आणि विक्रेत्याच्या पदरचे किती, हे वेगळे करून घ्यावे. तुलना नेहमी चालू वर्षी तयार झालेल्या त्याच मोटारीच्या आजच्या किमतीशी, आणि तीवरील सवलत वजा करूनच करावी.

नियम बदलतात तेव्हा

निव्वळ वर्ष बदलणे ही एक गोष्ट आणि नियम बदलणे ही दुसरी. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांच्या विक्रीस व नोंदणीस मनाई केली. त्यानंतरच्या दोन दिवसांत, विशेषतः दुचाकींवर, मोठ्या सवलती देण्यात आल्या आणि विक्रेत्यांच्या दारी रांगा लागल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वाहनांबाबतही हेच घडले. त्या वेळी टाळेबंदीमुळे मार्चअखेरीस दिलेली तात्पुरती मुभा न्यायालयाने जुलैमध्ये मागे घेतली. ज्यांची नोंद मुदतीत शासनाच्या संगणक प्रणालीवर झाली नव्हती, त्या वाहनांचे भवितव्य टांगणीला लागले. नोंदणी न होणारी मोटार कितीही स्वस्त असली, तरी तिचा उपयोग नाही. म्हणून नवे मानक लागू होण्याच्या सुमारास जुना साठा घेताना नोंदणी मुदतीत होईल, याची लेखी हमी घ्यावी. हमी मिळत नसेल तर मोह टाळावा.

उभ्या मोटारीची तपासणी

महिनोन्महिने उघड्यावर उभी राहिलेली मोटार नवी असली, तरी तिच्यावर काळाचा परिणाम होतोच. पैसे पूर्ण भरण्यापूर्वी व नोंदणीपूर्वी पुढील बाबी दिवसाउजेडी पाहून घ्याव्यात.

• चासी क्रमांक : सतरा अक्षरांकांच्या या क्रमांकात निर्मितीचे वर्ष व महिना यांचे संकेत असतात. कंपनीगणिक त्यांची जागा निराळी असते. ते विक्रेत्याकडून समजून घ्यावेत आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहावेत.

• टायर : बाजूवरील चार अंकांत आठवडा व वर्ष असते. ‘१५२४’ म्हणजे २०२४ सालचा पंधरावा आठवडा. एकाच जागी उभे राहून टायर चपटे झाले आहेत काय, हेही पाहावे.

• बॅटरी : दीर्घकाळ न वापरल्याने ती दुर्बल होते. तिची चाचणी करून घ्यावी आणि ती कमकुवत आढळल्यास बदलून मागावी.

• रंग, रबर व वायरी : उन्हाने फिकटलेला रंग, कडक झालेली रबरे आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी यांकडे लक्ष द्यावे. आगारात पावसाचे पाणी शिरले होते काय, हे गालिचाखालील ओल व गंज यांवरून कळते.

• पूर्वीची नोंदणी : मोटार प्रात्यक्षिकासाठी वापरलेली नाही आणि विक्रेत्याच्या नावे नोंदलेली नाही, याची खात्री करावी. तशी नोंद असल्यास आपण दुसरे मालक ठरतो.

विमा आणि कर्ज

विमा पॉलिसीवरही निर्मितीचे वर्ष येते. मोटारीच्या घोषित मूल्यासाठी सहा महिन्यांपर्यंतच्या वाहनास ५ टक्के आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत १५ टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. आपल्या मोटारीचे वय कसे मोजले आहे, हे विमा कंपनीस आधीच विचारून घोषित मूल्य तपासावे.

सवलत बिलात स्पष्ट दिसली पाहिजे. तोंडी आश्वासन किंवा ‘नंतर धनादेश देऊ’ हे पुरेसे नाही. कर्जाच्या मुदतीबाबतही सावध असावे. ८ लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १२,८७१ रुपये बसतो आणि तीन वर्षांनीही सुमारे ५,१७,००० रुपये मुद्दल शिल्लक राहते. वरील उदाहरणातील गतवर्षीची मोटार त्या वेळी ५,२२,००० रुपयांना जाईल. म्हणजे तीन वर्षे हप्ते भरून, मोटार विकून, हाती जवळजवळ काहीच उरणार नाही. पाच वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता सुमारे १६,६०७ रुपयांचा होतो, परंतु मुद्दल लवकर फिटते.

निर्मितीचे वर्ष लपवून मोटार विकली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यासाठी दरपत्रक, बिल आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा.

सारांश असा, की मोटार सात-आठ वर्षे वापरावयाची असेल, नोंदणीस अडचण नसेल आणि तपासणीत ती निर्दोष ठरत असेल, तर शिल्लक साठ्यातील नवी मोटार हा किफायतीचा व्यवहार आहे. तीन-चार वर्षांतच ती बदलावयाची असेल, तर सवलत पुनर्विक्रीतील तोट्याहून अधिक असल्याखेरीज चालू वर्षाची मोटार घेणे श्रेयस्कर. विक्रेत्याने लेखी दिलेले दोन्ही मोटारींचे दर घेऊन आपल्या शाखेत यावे. कर्ज अधिकाऱ्यासमवेत बसून हा हिशेब सहज मांडता येईल.