मिळेल आणि मिळावं

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ आहे. डावीकडे ‘मिळेल’, उजवीकडे ‘मिळावं’. ऑस्करच्या मोसमात दरवर्षी एक पान भरतं. पहिलं पान २००२च्या मार्चमधलं, ‘लगान’च्या वर्षाचं. त्या पानावर परभाषिक चित्रपटाच्या ओळीत दोन्ही रकान्यांत एकच नाव आहे. त्यानंतर असं फार कमी वेळा झालं.

‘मदर इंडिया’ आणि ‘सलाम बॉम्बे’नंतर अंतिम पाचांत पोचलेला ‘लगान’ हा आपला तिसराच चित्रपट. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, आणि वेशभूषा कोल्हापूरच्या भानु अथय्यांची. ‘गांधी’साठी १९८३मध्ये ऑस्करची बाहुली घेऊन आलेल्या त्या पहिल्या भारतीय. माझ्या दृष्टीने निकाल आधीच लागला होता. पंचवीस मार्चच्या सकाळी बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’चं नाव पुकारलं गेलं तेव्हा घरातल्या सगळ्यांसारखी मीही खट्टू झाले. काही महिन्यांनी फिल्म सोसायटीच्या खेळाला तो चित्रपट पाहिला. दोन सैन्यांच्या मधल्या खंदकात एक सैनिक सुरुंगावर पडलेला असतो. त्याला हलवलं तर सुरुंग फुटणार. पत्रकार येतात, शांतिसेना येते, शेवटी सगळे निघून जातात आणि तो तसाच आकाशाकडे बघत पडून राहतो. घरी येऊन मी वही उघडली. उजवीकडचं ‘लगान’ खोडलं नाही, पण त्याच्याखाली ‘नो मॅन्स लँड’ लिहिलं. न पाहिलेल्या चित्रपटाच्या विरोधात कौल द्यायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळत आले आहे.

२००५चं पान मला आजही सगळ्यांत जवळचं आहे. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी एका मराठी चित्रपटाला, संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला, राष्ट्रीय पुरस्कारांतलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं होतं आणि तोच भारतातर्फे ऑस्करला निघाला होता. अमेरिकेत मतदारांसाठी खेळ लावायचे, तिथल्या चित्रपटविषयक नियतकालिकांत जाहिराती द्यायच्या, तिकडे जाऊन राहायचं, या सगळ्याला लागणारा पैसा कुठल्याही मराठी निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचा. मग लोकांनी मदत गोळा केली. चित्रपटावर असं प्रेम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी स्वतः तो तीनदा पाहिला. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात येतो. डोळ्यांच्या कर्करोगातून पोराला वाचवायचं तर त्याची दृष्टी जाणार, आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला दिसेल तेवढं जग दाखवून आणतो. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे त्या गर्दीच्या रस्त्यांवरून फिरतात तेव्हा आपणही प्रत्येक वस्तू शेवटची पाहत असल्यासारखी पाहायला लागतो.

जानेवारीत नामांकनं आली, त्यांत ‘श्वास’ नव्हता. बाहुली स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला मिळाली. नियमाप्रमाणे तोही मिळवून पाहिला. मानेखालचं शरीर लुळं पडलेला माणूस मरणाचा हक्क मागतो, अशी ती गोष्ट. हाविएर बार्देमने बहुतेक वेळ पलंगावरून, नुसत्या चेहऱ्याने पेललेली. एका चित्रपटात जगण्यासाठी डोळे द्यावे लागतात, दुसऱ्यात मरण्याची परवानगी हवी असते. दोन्हीकडे घरच्या माणसांना निर्णय पचवायचा असतो. हे दोन चित्रपट एकाच संध्याकाळी पाठोपाठ दाखवावेत असं मला फार वाटतं. त्या पानावर उजवीकडे ‘श्वास’च आहे आणि तो तिथेच राहील.

पुढच्या वर्षी डावीउजवीकडे ‘ब्रोकबॅक माउंटन’ लिहिलं. अँग ली यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि चित्रपटाचा ‘क्रॅश’ला. त्या निकालाचा राग अजून गेलेला नाही. पण त्यामुळेच मी अंदाज अभ्यासून करायला लागले. सप्टेंबरातले व्हेनिस आणि टोरांटो, जानेवारीतले गोल्डन ग्लोब, मग निर्माते, दिग्दर्शक आणि कलाकार यांच्या संघटनांचे आपापले पुरस्कार, पाठोपाठ बाफ्टा. यांतली संघटनांची मतं सगळ्यांत बोलकी, कारण तिथे मत देणारी बरीच माणसं अकादमीतही मत देतात.

२०१०मध्ये पद्धत बदलली आणि माझे जुने ठोकताळे निकामी झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या गटात पाचाऐवजी दहा नावं आली आणि मतदाराने त्यांना पसंतीक्रम द्यायचा असं ठरलं. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली मतं मिळाली नाहीत, तर सगळ्यांत मागचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. हे निम्म्याचा टप्पा ओलांडेपर्यंत चालतं. म्हणजे काहींना अतिशय आवडलेला आणि काहींना अजिबात न आवडलेला चित्रपट इथे अडकतो. बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो. हे नीट समजायला मला बरीच वर्षं लागली. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ त्याच मोसमात भारतातर्फे गेला होता. दादासाहेब फाळक्यांच्या वेडाची ती हसती-खेळती गोष्ट नामांकनापर्यंत पोचली नाही.

२०१६च्या पानावर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ डावीकडेही लिहिला, तो मात्र आशेपोटी नव्हता. व्हेनिसमध्ये त्याला दोन पुरस्कार होते, परदेशी समीक्षकांनी उचलून धरलं होतं. नामांकन तरी नक्की, असं मी धरून चालले. तो नऊ चित्रपटांच्या लघुयादीतही आला नाही. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराच्या मृत्यूबद्दल एका शाहिरावर खटला चालतो आणि कॅमेरा लांब उभा राहून नुसता बघत राहतो. वकीलबाई संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सुट्टीत रिसॉर्टवर जातात, शाहीर तुरुंगात. वीरा साथीदार त्यात शाहीर वाटतच नाहीत, ते शाहीर आहेत. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले, तेव्हा मी हे पान काढून बसले होते. हंगेरीच्या ‘सन ऑफ सॉल’ने त्या वर्षी बाहुली नेली आणि त्यावर माझी तक्रार नाही, ‘कोर्ट’ला शेवटच्या नऊंतही जागा नसावी, यावर आहे.

२०१७चा निकाल आपल्याकडे २७ फेब्रुवारीच्या सकाळी लागला. कचेरीत मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम होता आणि मी मागच्या रांगेत फोन बघत होते. चौदा नामांकनांचा ‘ला ला लँड’ माझ्या डाव्या रकान्यात, ‘मूनलाइट’ उजव्या. साडेदहाच्या सुमाराला ‘ला ला लँड’ जिंकल्याचं कळलं, आणि दोन-तीन मिनिटांत कळलं की पाकीटच चुकीचं होतं. मायामीतल्या एका एकाकी कृष्णवर्णीय मुलाची, तीन वयांतून सांगितलेली ती अबोल गोष्ट जिंकली होती. मी एकदम उभी राहिले आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं.

तीन वर्षांनी पुन्हा तेच. निर्माते, दिग्दर्शक आणि बाफ्टा यांचा कौल ‘१९१७’ला होता, म्हणून डावीकडे ‘१९१७’. उजवीकडे ‘पॅरासाइट’. पसंतीक्रमाचा हिशोब मांडला असता तर त्याचंच पारडं जड दिसलं असतं, कारण तो न आवडलेला माणूस मला तेव्हा भेटलाच नव्हता. पण इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला तोवर कधीच हा पुरस्कार मिळालेला नव्हता, या एका गोष्टीपुढे मी हिशोब बाजूला ठेवला. त्या चित्रपटात पावसाचं पाणी श्रीमंत वस्तीतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत तळघरातल्या घरांत शिरतं. २६ जुलैचा पूर पाहिलेल्या मुंबईकराला हे समजायला सबटायटल लागत नाही. १० फेब्रुवारीच्या सकाळी बाँग जून-हो चौथ्यांदा मंचावर आले, तेव्हा डावा रकाना चुकल्याचा आनंद मला पुन्हा एकदा झाला.

२०२२ला मी शहाणी झाले होते. निर्मात्यांच्या संघटनेने ‘कोडा’ निवडल्यावर फक्त तीन नामांकनांच्या या चित्रपटाला मी बारा नामांकनांच्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’पुढे ठेवलं आणि ते बरोबर आलं. उजवीकडे ‘ड्राइव्ह माय कार’ होता. अंदाज अचूक आल्याचं समाधान दुपारपर्यंतही टिकलं नाही. पुढच्या वर्षी गाण्याच्या ओळीत ‘नाटू नाटू’ दोन्ही रकान्यांत लिहिलं, दोन्हीकडे खरं ठरलं, आणि ‘लगान’चं पान आठवलं.

२०२५च्या पानावर खाडाखोड जास्त आहे. पायल कपाडियांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं होतं. एका देशातून एकच चित्रपट जाणार होता. आपल्या फिल्म फेडरेशनने किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ पाठवला. फ्रान्सनेही पायलचा चित्रपट आपल्या विचाराधीन यादीत घेतला होता, पण शेवटी ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला. ‘लापता लेडीज’ मला मनापासून आवडतो. पण त्या वर्षीचा आपला चित्रपट दुसरा होता, आणि हे निवड जाहीर झाली त्या दिवशीच वहीत लिहिलेलं आहे. डिसेंबरच्या लघुयादीत ‘लापता लेडीज’ नव्हता. बाहुली ब्राझीलच्या ‘आय एम स्टिल हिअर’ला गेली.

‘लापता लेडीज’ आणि पायलचा चित्रपट, या दोन्हींत छाया कदम आहेत. एकात रेल्वे फलाटावर चहाची टपरी चालवणाऱ्या, हरवलेल्या नव्या नवरीला स्वतःच्या पायांवर उभी करणाऱ्या मंजूमाई. दुसऱ्यात मुंबईच्या रुग्णालयातली रत्नागिरीची स्वयंपाकीण पार्वती: नवऱ्यामागे खोलीचे कागद सापडत नाहीत, बिल्डर घर घेतो, आणि ती एका रात्री मैत्रिणीबरोबर त्याच्या टॉवरच्या जाहिरातीवर दगड भिरकावून गावी परतते. सहायक अभिनेत्रीच्या ओळीत डावीकडे मी झोई साल्डान्या लिहिलं, ‘एमिलिया पेरेझ’साठी, आणि तसंच झालं. उजवीकडे छाया कदम.