कृष्णाकाठच्या तालमींसाठी नवी नाटकं

सातारा-सांगलीतल्या कुठल्याही हौशी नाट्यसंस्थेत गणपती उठले की एकच विषय असतो: यंदा कोणतं नाटक करायचं? मुलं जमलेली असतात, तालमीला शाळेचा वर्ग मिळालेला असतो, दिग्दर्शकाच्या डोक्यात नेपथ्यसुद्धा तयार असतं. अडतं ते संहितेपाशी. मग कुणीतरी तेंडुलकरांचं नाव घेतं, कुणी एखाद्या हमखास हशे घेणाऱ्या नाटकाची झेरॉक्स काढून आणतं, तर कुणी गेल्या वर्षी स्पर्धेत दुसऱ्या केंद्रावर पहिलं आलेलं नाटक सुचवतं. यातलं काहीच गैर नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत जे नवं लिहिलं गेलं, ते आपल्या भागातल्या तालमींपर्यंत फार कमी पोचतं. ते पोचावं, म्हणून हा आढावा. इथे जी नाटकं सुचवतो आहे ती एका निकषावर: आपल्या माणसांना, आपल्या बोलीला आणि आपल्या प्रश्नांना त्यात जागा आहे का?

सुरुवात 'संगीत देवबाभळी'ने करतो. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेलं आणि त्यांनीच दिग्दर्शित केलेलं हे नाटक २०१७च्या डिसेंबरात भद्रकाली प्रॉडक्शन्सने व्यावसायिक रंगमंचावर आणलं. २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही त्याला मिळाला. रंगमंचावर पात्रं दोनच, दोन्ही बायका. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगर चढताना आवलीच्या पायात काटा रुततो. तो विठ्ठल काढतो आणि जखम भरेपर्यंत तिची सेवा करायला रखुमाईला तिच्या घरी धाडतो. रखुमाई लखुबाई होऊन येते, आवलीची भांडी घासते, तिच्या पायाला लेप लावते, आणि ज्या देवाने नवरा पळवला त्या देवाच्या नावाने आवली घालत असलेल्या शिव्या मुकाट ऐकते. तिला स्वतःलाही नवऱ्याबद्दल पुष्कळ बोलायचं आहे, ते मात्र देवपणामुळे बोलता येत नाही. नाटकाची सगळी ताकद या अडचणीत आहे. एक बाई सगळं बोलून मोकळी होते, दुसरीचं दुखणं तिच्या गप्प राहण्यातून कळतं. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी अभंग-ओव्या गात हे पेललं, आनंद ओक यांच्या संगीताने आणि प्रदीप मुळ्ये यांच्या नेपथ्याने त्याला देहूचं घर आणि पंढरीचं राऊळ दोन्ही दिलं.

हौशी मंडळींसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. 'तालमीला मुली मिळत नाहीत' ही आपल्याकडची जुनी तक्रार. मिळालेल्या मुलींना आपण काय देतो, हे मात्र कुणी विचारत नाही. चहाचा ट्रे घेऊन येणारी वहिनी किंवा दुसऱ्या अंकात रडणारी बहीण, एवढ्यासाठी घरच्यांशी भांडून रात्री नऊपर्यंत कोण थांबेल? दोन बायकांनी पूर्ण नाटक तोलायचं म्हटलं, की थांबणाऱ्याही भेटतील. त्यातून भजनी मंडळात वाढलेला एखादा गळा मिळाला, तर तो सोन्याहून पिवळा. आपल्या भागात असे गळे गावोगाव आहेत.

नाशिकचेच दत्ता पाटील यांचं 'हंडाभर चांदण्या' सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलं. टँकरची वाट पाहणारं गाव हा त्याचा विषय. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत हे नाटक समजावून सांगावं लागणार नाही. तहानेवर लिहिताना लेखक एकतर रडतात किंवा भाषण करतात, दत्ता पाटील यातलं काहीच करत नाहीत. वाट पाहता पाहता माणसं एकमेकांशी कशी वागू लागतात, यावर त्यांची नजर आहे. माझी आग्रहाची शिफारस अशी, की ज्या संस्थेला हे करायचं आहे तिने पहिला प्रयोग नाट्यगृहात न करता दहिवडीत किंवा जतला, मोकळ्यावर करावा.

जालन्याच्या राजकुमार तांगडे यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२मध्ये आलं. कल्पना संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं आणि कलाकार बरेचसे मराठवाड्यातल्या खेड्यांतले. यम शिवरायांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार ज्यात आहेत तो जिरेटोपच हरवतो आणि मग तो कुणाच्या डोक्यावर बसतो याचा शोध सुरू होतो. मराठ्यांच्या गादीच्या साताऱ्यात हे नाटक पुन्हा पुन्हा व्हायला हवं, आणि कॉलेजच्या मुलांनी करायला हवं. महाराजांवरचं प्रेम आणि महाराजांचे विचार यांत अंतर पडलं की काय होतं, हे ते हसवत हसवत सांगतं. शाहिरी आणि वगाचा बाज आपल्या हाडीमासी खिळलेला आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. ढोलकी आणायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

इथे थोडं थांबून सांगलीबद्दल बोललं पाहिजे. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, हे सगळ्यांना पाठ आहे, रंगभूमी दिनाला आपण त्याची आठवणही करतो. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट मात्र निसटते. १८४२मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत आली. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी त्यांचा खेळ पाहिला आणि असं काही मराठीत व्हावं म्हणून भाव्यांना सांगितलं. बाहेरची मंडळी खेळ करून गेली आणि सांगलीने वर्षभरात स्वतःचा खेळ उभा केला. नाट्यपंढरी हे नाव मिळालं ते यातून. पुढे हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी जरठ-कुमारी विवाहासारखा त्या काळाचा जळता प्रश्न घेऊन १८९९मध्ये 'शारदा' दिलं. तेव्हा ते नवं नाटक होतं आणि त्याचा विषय प्रेक्षकांच्या घरातलाच होता.

आज दौऱ्यावरची नाटकं साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात आणि दीनानाथ नाट्यगृहात, मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात येतात. ती जरूर पाहावीत. प्रशांत दळवींचं 'संज्या छाया', श्वेता पेंडसेंचं '३८ कृष्ण व्हिला', इरावती कर्णिकांचं 'जर तरची गोष्ट', संकर्षण कऱ्हाडेंचं 'नियम व अटी लागू' ही घराघरांतल्या नात्यांवरची नीट बांधलेली नाटकं आहेत. क्षितिज पटवर्धन यांच्या दोन नाटकांचं नाव मात्र वेगळं घेतो. ह. मो. मराठ्यांच्या कथेवरून सुचलेलं 'दोन स्पेशल' वर्तमानपत्राच्या कचेरीत एका रात्रीत घडतं. बातमीवरचा दबाव आणि जुनं प्रेम ही दोन्ही सूत्रं त्यात एकमेकांत अशी गुंतली आहेत, की नव्या लेखकाने बांधणी शिकायला ते वाचावं. २०२५मध्ये आलेलं 'भूमिका' हे एका नटाला बाबासाहेबांची भूमिका मिळते तेव्हा त्याच्या विचारात आणि घरात काय हलतं, याचं नाटक आहे. ७ नोव्हेंबर १९००ला भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. त्या गावात हे नाटक पाहण्याला वेगळं वजन आहे.

नाटककार गो. पु. देशपांडे रहिमतपूरला वाढले, हे आपल्याच भागातल्या कितीतरी नाट्यवेड्यांच्या गावी नसतं. महात्मा फुल्यांवरचं त्यांचं 'सत्यशोधक' जुनं, पण २०१२मध्ये अतुल पेठे यांनी पुण्यातल्या सफाई कामगारांना घेऊन ते केलं तेव्हा ते नव्याने जन्मलं. रोज पहाटे रस्ता झाडणारे हात संध्याकाळी जोतीरावांची वाक्यं बोलत होते. शब्द कुणाच्या तोंडून येतात यावर नाटकाचा अर्थ किती ठरतो, हे त्या प्रयोगाने दाखवलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यात, सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यात. सुषमा देशपांडे यांचा 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोगही एका बाईने गावोगाव नेता येण्याजोगा आहे. आपल्याकडे एखाद्या अंगणवाडी सेविकेने किंवा साखर कारखान्यातल्या कामगारांनी हे का करू नये?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यासाठी अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' सुचवतो. र. धों. कर्व्यांवरचे खटले हा त्याचा विषय. विवेकाची बाजू घेणारा माणूस कोर्टात एकटा पडतो, त्याचं वकीलपत्र बाबासाहेब घेतात, आणि तरी तो हरतो. २०१३च्या २० ऑगस्टला दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्यं केली. नट नसलेल्या माणसांनी चौकात उभं राहून केलेलं ते काम मी या काळातल्या महत्त्वाच्या रंगभूमीत धरतो. सांगलीच्या व्हॅम्प या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या संघटनेनेही आपल्या आयुष्यावरचं नाटक स्वतः उभं केलं. आढावा घेताना अशी कामं 'सामाजिक' म्हणून बाजूला ठेवायची सवय आपण सोडायला हवी.

प्रायोगिक वळणाचं काही करायचं असेल, तर आशुतोष पोतदारांचं 'सिंधू, सुधाकर, रम आणि इतर' घ्या. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' घरोघरी माहीत असलेल्या आपल्या भागात, त्यातल्या सिंधूकडे आजच्या डोळ्यांनी पाहणं कसदार ठरेल. धर्मकीर्ती सुमंत यांचं 'गेली एकवीस वर्षे' विशीतल्या मुलांनी करावं. राजकारण कळत नाही आणि टाळताही येत नाही, ही त्यांची अडचण त्यात खरीखुरी उतरली आहे.

बोलीबद्दल एक सांगतो. तालमीच्या बाहेर 'काय करालाईस मर्दा' म्हणणारा मुलगा रंगमंचावर पाऊल टाकताच पुस्तकी बोलू लागतो आणि त्याचा अर्धा जीव तिथेच जातो. 'लागिरं झालं जी'सारख्या मालिकेने साताऱ्याची बोली घराघरांत नेली, साताऱ्याच्या आसपास चित्रीकरणं वाढली, आपल्या नटांना चार पैसे मिळू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. नाटकात मात्र तोच नट बोली सोडतो, कारण संहिता दुसऱ्या गावच्या भाषेत लिहिलेली असते. नव्या लेखकांची परवानगी घेऊन संवाद आपल्या बोलीत वळवता येतात का, हे विचारून पाहावं.

परवानगी मात्र घ्यायचीच. लेखकाला आधी कळवणं, त्याचं मानधन देणं आणि संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून वेळेत संमत करून घेणं, ही कामं तालमीइतकीच महत्त्वाची आहेत. नाटककाराला मानधन मिळालं तर तो पुढचं नाटक लिहील.

आणि शेवटी, अजून न लिहिल्या गेलेल्या नाटकांबद्दल. २००५, २०१९ आणि २०२१मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणसं पाण्यासाठी १९९३पासून आटपाडीत परिषदा भरवत आली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी उभी केलेली ती चळवळ, टेंभू-म्हैसाळ योजनांचं पाणी, सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली खानापूर-आटपाडीची कुटुंबं, तासगावच्या द्राक्षबागेत औषध फवारणारा मजूर, अपशिंग्यात फौजेतून येणाऱ्या पत्राची वाट पाहिलेल्या बायका. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशाची माणसं मराठी वाचकाला दिली, नाटकंही लिहिली. त्या मुलखातल्या आजच्या माणसांवरची पहिली संहिता विटा, दहिवडी किंवा कवठेमहांकाळच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीने लिहावी. ती कच्ची असेल तरी चालेल, आपल्यातल्या एखाद्या संस्थेने ती वाचायला मागवावी आणि येत्या उन्हाळ्यात तिच्या तालमी सुरू कराव्यात.