स्वेटर असूनही थंडी का वाजते?

पौषात रात्रपाळीची वीज आली, की शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला उसाची दारे धरायला जावेच लागते. अंगात स्वेटर, तरी भीमाकाठचा वारा हाडांना झोंबतो. दोष लोकरीचा नव्हे. टाक्यांमधल्या फटींतून वारा शिरतो आणि अंगालगतची ऊब पळवतो. आपले सणगर विणकर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, ती काही उगाच नाही! आता प्रयोगशाळांतून विणलेल्या कापडावर केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतूंचा थर देतात. वारा अडतो, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. प्लॅस्टिकच्या कागदात ती आतच कोंडते आणि अंग ओले होऊन जास्तच गारठते. नवे कापड तालुक्याच्या बाजारात येईल तेव्हा येईल. आज स्वेटरवरून दाट विणीचा सदरा चढवा, नाहीतर आजोबांची घोंगडी घ्या.