पत्रकावर साल नाही

सकाळी 7
शटर उचलतो तेव्हा भंडारा-पवनी रस्त्यावर धुकं असतं. धान कापायला निघालेल्या बाया विळे घेऊन ऑटोची वाट बघत उभ्या असतात. अड्याळमधलं माझं दुकान तसं झेरॉक्सचं, पण भाऊबीजेनंतरचे पंधरा-वीस दिवस ते मंडईचं दुकान होतं. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दरवर्षी सांगावं लागतं. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर एकेक गाव आपापली मंडई भरवतं. गोवाऱ्यांची ढाल येते, दुकानं लागतात, दिवसा दंडार किंवा खडीगंमत आणि रात्री नाटक. लेकी-जावयांना दोन्ही गावं करता यावीत म्हणून शेजारची गावं शक्यतो एकच तारीख धरत नाहीत. लग्नाच्या पोरापोरींची पाहणीही गर्दीत उरकते.

संगणक चालू होईतो चहा येतो. प्रिंटरला थंडीत गरम व्हायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

सकाळी 8
पहिलं गिऱ्हाईक मंडई समितीचं. दुय्यम खडीगंमतीचं पत्रक हवंय, 500 प्रती. दुय्यम म्हणजे दोन शाहिरांचा सामना: एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. म्हणून पत्रकात दोन्ही शाहिरांचे फोटो सारख्याच मापाचे लागतात. एकाचा फेटा अर्ध्या सुताने मोठा छापला गेला तर मंडईआधी माझ्या दुकानातच सामना व्हायचा. खाली सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष, मग "समस्त गावकरी". इतक्या नावांत ढोलकीवाल्याला जागा उरत नाही. मी तरी लहान अक्षरात घुसवतो.

"साल टाकू का?" मी विचारतो.
"वार, तारीख टाकली ना गा! साल कोनाले मालूम नाही?"

हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकतोय. आज दुपारपर्यंत ते मला महागात पडणार होतं.

सकाळी 10.30
पवनीच्या कॉलेजात शिकणारी एक पोरगी पेनड्राइव्ह घेऊन येते. प्रोजेक्ट चाळीस पानांचा, विषय बंगालची लोकनृत्यं आणि वस्तुसंग्रहालयं. रंगीत पानं फार, त्यामुळे एकेक पान सावकाश निघतं आणि मला वाचायला वेळ मिळतो. पुरुलियाचा छऊ. मुखवटे चरिदा नावाच्या गावात बनतात, कागद, माती, कापड यांचे थर देऊन. 2010 मध्ये युनेस्कोनेही छऊची दखल घेतली. पुढे बीरभूमचा रायबेंशे, वीरांचा नाच. गुरुसदय दत्त तिथे जिल्हाधिकारी होते, नाचणाऱ्यांत त्यांना दम दिसला. 1932 मध्ये त्यांनी ब्रतचारी चळवळ काढली आणि हे नाच शाळेतल्या पोरांच्या पायात घातले. गावोगाव गोळा केलेल्या कांथा गोधड्या, पटचित्रं, बाहुल्या यांचं संग्रहालय मात्र ते गेल्यावर, 1963 मध्ये कोलकात्याजवळ जोका इथे उघडलं.

या माणसाचं मला भलतंच पटलं. गोधडी त्याने पेटीत ठेवली. नाच पेटीत ठेवला नाही.

"काका, बंगालमध्ये किती जपतात ना! आपल्याकडे नुसता नागपूरचा अजब बंगला."

अजब बंगल्याला नुसता म्हणू नये, ते संग्रहालय 1863 पासून उभं आहे, पवनीच्या टेकड्यांतल्या बौद्ध स्तूपाच्या अवशेषांचं नाव काढलं तरी लोक तिकडे बोट दाखवतात. पण दंडार तिथे कशी ठेवणार? एरवी धान कापणारे पुरुष लुगडं नेसून, चाळ बांधून नाचतात, सोंग घेतात, गावच्याच माणसाची नक्कल करून गावालाच हसवतात, आणि सकाळी परत बांधीत उतरतात. मी तिला डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचं 'झाडीपट्टीची दंडार' हे पुस्तक शोधायला सांगितलं. मग काउंटरखालची लोखंडी पेटी ओढली. हातातून गेलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत मी तिच्यात टाकत आलोय. वडिलांच्या वेळची खिळ्यांची छपाईही आहे त्यात, पतंगाच्या कागदावरची, गुलाबी नि पिवळी. कसर लागलीय थोडी. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या मंडईची पत्रकंसुद्धा आहेत. ती गावं उठून दुसरीकडे बसली, पत्रकावरचा पत्ता जुनाच राहिला.

पोरगी बराच वेळ पेटीपाशी बसली. प्रोजेक्टचे पैसे द्यायला विसरली, मीही मागितले नाहीत.

दुपारी 12
म्हातारे शाहीर आले. काठी, बंडी, गळ्यात मफलर. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरायचा आहे. वयाची पन्नाशी उलटलेल्या कलावंतांना सरकार महिन्याला 5,000 रुपये देतं. यांची सत्तरी केव्हाच उलटली. अर्ज एकदा परत आलाय: कार्यक्रम केल्याचा पुरावा म्हणून जोडलेल्या पत्रकावर साल नाही, म्हणून तो धरला जात नाही.

"चाळीस वर्षं उभ्यानं गायलो भाऊ," ते म्हणतात. "खडी गंमत म्हणूनच तिले खडी म्हनतात. आता त्याईले कागद पायजे."

पुढचा तास दुसरं काम केलं नाही. त्यांच्याकडचं पत्रक पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं: "मंगळवार दि. 20 नोव्हेंबर, भाऊबीजेनंतरच्या पहिल्या मंगळवारी". संगणकातलं कॅलेंडर मागे सरकवत गेलो. 20 नोव्हेंबरला मंगळवार 1990, 2001, 2007, 2012 आणि 2018 मध्ये येतो. 1990 ची भाऊबीज ऑक्टोबरातच होऊन गेली, ते साल गेलं. 2007 आणि 2018 मध्ये पहिला मंगळवार 13 तारखेला पडतो. राहिली दोन सालं, 2001 आणि 2012. छपाई खिळ्यांची, एका रंगाची, "शाहीर"मधला "ही" किंचित खाली घसरलेला. 2012 मध्ये अशी पत्रकं छापणारं आमच्या भागात कोणी उरलं नव्हतं, तोवर माझ्यासारख्यांचे प्रिंटर आले होते. म्हणजे 2001.

शाहीर शांतपणे म्हणाले, "हो, त्याच साली ढोलकीवाला बिमार होता." हे आधी सांगितलं असतं तर!

पेटीतून त्यांच्या नावाची आणखी अकरा पत्रकं निघाली. सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या, सोबत सालांचा तक्ता जोडला. साहेबांना पटेल की नाही, ते साहेबांना ठाऊक.

दुपारी 2
भात, वालाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी. वीस मिनिटं.

दुपारी 3.30
पत्रकं पोचवायच्या निमित्ताने शेजारच्या गावच्या मंडईत. वाटेत बांधीबांधीत धानाच्या कडपा पडलेल्या. पाऊस आला तर मंडई सोडून सगळे तिकडे पळतील, आणि पळायलाच हवं. गंमत रंगात होती. मंच नाही, पडदा नाही, चहूबाजूंनी माणसं बसलेली, मधे शाहीर उभा. मागे ढोलकी, तुणतुणं, चोनका, टाळ. गण-गौळण आटोपून सवाल-जवाब लागले होते. नाच्या पोरगा पंचविशीचा असेल, ट्रॅक्टर चालवतो. पाय असा टाकत होता की बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि नजर मात्र हलवत नव्हत्या. एका पोराने मोबाइलवर सगळं उतरवून घेतलं. ते बरंच आहे. पण आजोबाच्या मांडीवर बसलेला एक चारेक वर्षांचा पोरगा पायाने ठेका धरत होता, माझं लक्ष त्याच्याकडेच जात राहिलं.

संध्याकाळी 7
दुकानात परत. नाटकवाल्यांचा माणूस वडशाहून आलाय, त्याला रात्रीच्या प्रयोगाचा फ्लेक्स उद्याच हवा. फ्लेक्सवर नटीचा फोटो सहा फुटी. नाटक कंपन्यांकडे पैसा आहे, तिकीट आहे, त्यांची काळजी मी करत नाही.

रात्री 9
आजच्या पत्रकाची एक प्रत पेटीत टाकतो. टाकण्याआधी मागच्या बाजूला पेनाने साल लिहितो. समितीच्या उरलेल्या 499 प्रतींवर मात्र साल नाही.

मंडईची, दंडारीची, खडीगंमतीची जुनी पत्रकं कोणाच्या घरी माळ्यावर असतील तर ती चुलीत घालू नका. अड्याळला घेऊन या. झेरॉक्स काढून मूळ प्रत तिथल्या तिथे परत देईन, पैसे पडणार नाहीत.