खताचे जहाज 'लागते' म्हणजे काय होते?

जून उजाडला की खताच्या दुकानासमोर ठरलेला संवाद ऐकू येतो. "काऊन भाऊ, डीएपी नाई काय?" दुकानदार मान हलवतो, "जहाजच नाई लागलं ना बाप्पा!" मृगाचा पाऊस झालेला, बियाणे घरात येऊन पडलेले, आणि आपण रिकाम्या हाताने परत फिरतो. अकोल्याहून मुंबईचा समुद्र जवळपास सहाशे किलोमीटर. तिथल्या जहाजावर आपली तिफण का अडावी, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

आपल्या देशाला लागणाऱ्या डीएपीचा मोठा वाटा बाहेरून येतो. सौदी अरेबिया, मोरोक्को, जॉर्डन ही त्यातली काही नावे. पोटॅश तर जवळजवळ सगळेच बाहेरचे. हा माल कांडला, मुंद्रा, विशाखापट्टणम, काकीनाडा अशा बंदरांत सुटा उतरतो, तिथेच पोत्यांत भरतात आणि मग रेल्वेच्या रेकने अकोला-बडनेऱ्याकडे निघतो. एका जहाजात ४५ हजार टन माल असला तर त्याची ५० किलोची नऊ लाख पोती होतात. रेकमध्ये मात्र साधारण अडीच-तीन हजार टनच मावतो. म्हणजे जहाज आले तरी सगळा माल एका दिवसात हलत नाही, हे आधी लक्षात घ्या.

आता जहाज 'लागण्या'कडे वळू. ते काही एस.टी.सारखे थेट स्टँडवर येऊन उभे राहत नाही. बंदर तीन-चार दिवस लांब असतानाच कप्तान तिथल्या एजंटाला कळवतो की आम्ही अमुक दिवशी, अमुक वेळी पोहोचतो. पुढे ७२, ४८ आणि २४ तास आधी तीच वेळ सुधारून पुन्हा कळवायची. सोबत कागद जातात : खलाशांची यादी, प्रकृतीचा दाखला, मालाची यादी. याआधीच्या दहा बंदरांची नावेही द्यावी लागतात. हा नियम २००४ पासून सुरक्षेसाठी आला. मालाची यादी कस्टम खात्याकडे जहाज पोहोचण्याआधीच दाखल व्हावी लागते. सात-बारा नसताना कर्जाचे प्रकरण घेऊन बँकेत गेल्यावर जे होते, तेच इथे एखादा कागद राहिला की होते.

जहाजावर तेव्हा वीस-पंचवीस माणसे असतात आणि सगळीच धावपळीत असतात. इंजिन पुढे-मागे चालवून पाहतात, सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहतात, भोंगा वाजवून पाहतात. जास्तीचे जनरेटर सुरू ठेवतात, कारण अरुंद मार्गात वीज गेली तर एवढे मोठे धूड आवरणार कोण? नांगराची (शेतातला नव्हे!) बांधणी सोडून तो टाकायला तयार ठेवतात. जाड दोरखंड कोठीतून काढून डेकवर पसरतात. घाण पाणी समुद्रात सोडणाऱ्या झडपा बंद करून मोहोरबंद करतात. सिगारेट आणि दारूची कोठीसुद्धा कुलूपबंद! खलाशाला आपल्याजवळच्या वस्तू लिहून द्याव्या लागतात. याच गडबडीत त्यांची झोपही सांभाळायची असते. २४ तासांत किमान १० तास विश्रांती हा नियमच आहे, कारण दोरखंड ओढताना डुलकी लागली तर हातपाय जातो.

मग निशाणे चढतात. पिवळे म्हणजे 'जहाजावर रोगराई नाही, उतरण्याची परवानगी द्या'. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे म्हणजे 'पायलट पाठवा'. हा पायलट विमानाचा नव्हे, बंदराचा वाटाड्या. छोट्या बोटीतून येऊन दोराच्या शिडीने तो जहाजावर चढतो आणि भरती बघून जहाज आत घ्यायला कप्तानाला वाट दाखवतो. लाल निशाण म्हणजे धोक्याचा माल.

या लाल निशाणाची एक गोष्ट कापूसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. आत सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला कराचीहून भरलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी. युद्धाचे दिवस होते, लाल निशाण चढवलेलेच नव्हते. १४ तारखेला दुपारी कापसातून धूर निघाला आणि चारच्या सुमारास जहाज उडाले. शेकडो माणसे गेली. गंजीतली आग आतल्या आत कशी धुमसते हे तुम्हाला सांगायला नको. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यामुळेच.

सगळे नीट जमले तर कप्तान 'जहाज तयार आहे' अशी लेखी सूचना देतो. माल उतरवण्याच्या मुदतीचे घड्याळ तिथून चालू होते. मुदत टळली की दर दिवसाचा दंड. धक्का रिकामा नसला तर जहाज बाहेर नांगरून ताटकळत राहते. एकाधिकार खरेदीच्या काळात संकलन केंद्रावर ज्यांनी गाडीखाली रात्री काढल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. कधी मार्गच बंद पडतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले आणि काही दिवस वाहतूक ठप्प झाली.

आणि पाऊस! खत भिजू नये म्हणून सर आली की जहाजाची झाकणे बंद करून काम थांबवतात. मुंबईच्या बाजूला पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, आपल्याकडे त्यानंतर चार-पाच दिवसांनी. म्हणजे खताची घाई आपल्याला ज्या दिवसांत, त्याच दिवसांत पश्चिमेच्या बंदरांवर झाकणे लागलेली. पेरणीचे खत एप्रिल-मेमध्येच धक्क्यावर उतरले पाहिजे ते यासाठी. जूनमध्ये 'जहाज येतंय' हे उत्तर मिळाले तर ते खत बहुधा पेरणीला नव्हे, दुसऱ्या हप्त्याला मिळेल असे धरून चाला.

यंदा दुकानदाराने जहाजाचे नाव काढले की विचारा : जहाज बाहेर नांगरून आहे की धक्क्याला? पोती भरली का? रेक निघाला का? त्याला ठाऊक नसेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा. सरपंच, ग्रामसेवकांनी हे काम मे महिन्यातच केले तर अधिक बरे. दुकानाबाहेर साठा आणि भावाचा फलक लावणे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने बंधनकारक आहे, तोही वाचा. फलकावर डीएपीची पोती दिसत असतील आणि तोंडी उत्तर मात्र 'जहाज नाई लागलं' असेल, तर घोटाळा समुद्रात नाही, दुकानात आहे.