नोकरी गेल्यावर मिळालेले पैसे: विवरणपत्रात कुठे, कसे?

जेसल पार्कच्या आजच्या सभेत तत्त्वज्ञानाचा माणूस आयकरावर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. हसा, हरकत नाही. पण आम्ही आयुष्यभर एकच काम केलं, एका नावाखाली दडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या काढण्याचं. तेच आज करायचं आहे.

आपल्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. एखादा बंद पडला की कामगाराच्या खात्यात थोड्याच दिवसांत तीन-चार रकमा जमा होतात. तो म्हणतो, "सर, नोकरीच गेली, आता कसला कर?" आमच्या शेजारच्या एका तरुणालाही आम्ही हेच सांगितलं होतं, "उत्पन्न नाही, तर विवरणपत्र कशाला भरतोस?" आमचा तो सल्ला चुकीचा होता. कसा, ते पुढे सांगतो.

आधी मूळ मुद्दा. 'कर लागत नाही' आणि 'दाखवायचं नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. मेथीची जुडी आधी पूर्ण ताटात घ्यायची, मग देठं काढायची. विवरणपत्रही तसंच. रक्कम आधी पूर्ण दाखवायची, मग सूट वजा करायची.

आता एकेक रक्कम घेऊ. नोटिशीच्या काळाऐवजी दिलेला पगार हा पगारच, त्यावर कर लागतो. छाटणीच्या भरपाईला मात्र 1961 च्या आयकर कायद्यात कलम 10(10बी) खाली सूट आहे. (31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला हाच कायदा, त्यानंतर 2025 चा नवा कायदा.) तीन आकडे काढायचे: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम; सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार; आणि 5 लाख रुपये. यांतला सर्वांत लहान आकडा करमुक्त.

उदाहरण घ्या. पगार 20,000, सेवा 12 वर्षं 7 महिने. वरचे सात महिने सहापेक्षा जास्त, म्हणून तेरा वर्षं धरायची. पंधरा दिवसांचे 10,000, गुणिले तेरा, म्हणजे 1,30,000. मालकाने 1,75,000 दिले असतील तर 1,30,000 करमुक्त आणि उरलेले 45,000 पगाराच्या उत्पन्नात. पण पगाराच्या तक्त्यात आधी पूर्ण 1,75,000 लिहायचे आणि मग सूट दाखवायची. ही सूट कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारासाठी आहे, व्यवस्थापकासाठी नाही, हेही ध्यानात ठेवा. ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळा, तिची सूटही वेगळी. दोन्ही एका ओळीत कोंबू नका.

आपल्याकडे सरसकट बेकारी भत्ता नाही. पण ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला जास्तीत जास्त 90 दिवस मदत मिळते. आधी ती सरासरी कमाईच्या 25 टक्के होती, करोनाच्या काळात 50 टक्के झाली. ही रक्कम मालकाकडून येत नाही, म्हणून फॉर्म 16 मध्ये तिला शोधू नका. बँकेच्या पासबुकात बघा, नोंद वेगळी ठेवा आणि विवरणपत्र भरणाऱ्याला स्वतःहून सांगा. अमेरिकेत ज्यांची मुलं आहेत त्यांना ठाऊक असेल, तिथे बेकारी भत्ता केंद्रीय करासाठी उत्पन्नच धरतात आणि त्याचा वेगळा फॉर्म येतो, 1099-जी.

आता तो तरुण. नोकरी तीन वर्षांची, कारखाना बंद. त्याने पीएफचे 80,000 काढले, त्यातून 10 टक्के, म्हणजे 8,000 रुपये कर कापला गेला. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असली, की अशी कपात होते. पण मालकाचा धंदाच बंद पडल्याने नोकरी गेली असेल, तर पाच वर्षं झाली नसली तरी ती रक्कम करमुक्त राहते. कापलेले पैसे मात्र आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी विवरणपत्र भरावंच लागतं. आमचं ऐकून तो गप्प बसला असता, तर बिनपगारी घरातले आठ हजार गेले असते. त्याच्या बायकोने 26एएस उघडून कपात दाखवली, तेव्हा आमचे डोळे उघडले. विवरणपत्र भरलं, परतावा आला.

तेव्हा बसण्याआधी एवढी कागदं समोर ठेवा: छाटणीचं पत्र, फॉर्म 16, पासबुक, 26एएस आणि वार्षिक माहिती विवरण. खात्यात आलेल्या प्रत्येक रकमेपुढे तिचं नाव लिहा. ज्या रकमेचं नाव सापडत नाही, तिथेच जाणकाराला विचारा.

नोकरी गेल्यावर माणसाला कागद नकोसा होतो, हे आम्ही जाणतो. पण त्याच कागदात कधी कधी त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात. असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.